पुन्हा पुन्हा भीमच कशाला?



यंदाच्या स्नेहसंमेलनात चौथीने छोटा भीमचे नाटुकले करावे असे वर्गात बहुतेकांचे मत आहे. माझे मत तसे नाही. का नाही ते इथे लिहीत आहे. वाचा नि मग ठरवा.

मला भीम आवडत नाही असे नाही. टीव्हीवर तो २००८ साली आला. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड नावाच्या कंपनीने तो काढला. भीम हे नाव महाभारतातले, पण ढोलकपूर, टुनटुन मावशीचे लाडू, चुटकी, जग्गू माकड नि तो भांडखोर कालिया ही मंडळी तेव्हा नवीन होती. म्हणून तर ती सगळ्यांना आवडली. पुढे काय झाले बघा. २०१२ साली दमयानच्या शापाचा सिनेमा निघाला. भीम आणि त्याचे मित्र सोनापूरला जातात नि दुष्ट दमयानशी लढतात अशी ती गोष्ट. २०१३ साली भीम बालीला गेला, २०१९ साली कुंग फू खेळायला गेला. त्याच २०१९ साली तो रांगणारा बाळ पण झाला! आपण सगळे मोठे होतो, हा लहान होतो. आणि २०२४ साली पुन्हा दमयानचीच गोष्ट आली. फरक एवढाच की चित्रांच्या जागी खरी मुले आणि माणसे होती.

परदेशातही हेच चालते. डिस्ने कंपनीने १९९४ साली सिंहाच्या छाव्याचा ‘द लायन किंग’ हा चित्रांचा सिनेमा काढला. २०१९ साली तीच गोष्ट कॉम्प्युटरवर अशी केली की सिंह खरेच वाटावेत. मग २०२४ साली त्या छाव्याच्या बाबांच्या लहानपणाचा सिनेमा आला. अशाने एक दिवस पणजोबांचाही येईल.

कंपन्या असे का करतात? मला वाटते, भीतीमुळे. सिनेमा काढायला खूप माणसे, खूप दिवस आणि खूप पैसा लागतो. नवे नाव कोणाला ठाऊक नसते. लोक आलेच नाहीत तर पैसा बुडाला. भीमचे नाव सर्वांना ठाऊक, म्हणून लोक येणारच. शिवाय दप्तर, डबा, कंपास, पाण्याची बाटली यांवर त्याचे चित्र छापले की तीही खपतात. साधा डबा स्वस्त आणि भीमचा डबा महाग, भाजी दोन्हीत तीच. पालकांनो, हे तुम्हांला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

बाबा पण दरवर्षी ओळखीचेच भाताचे बियाणे पेरतात, कारण पीक बुडून चालत नाही. म्हणून मी कंपन्यांना एकदम वाईट म्हणत नाही. पण बाबा एका कोपऱ्यातल्या लहान कुणग्यात नवीन बियाणे करून बघतात. चांगले आले तर पुढच्या वर्षी जास्त लावतात. एवढ्या मोठ्या कंपन्यांना एक कुणगा ठेवता येत नाही काय?

काही जण म्हणतील, फास्टर फेणे पण प्रत्येक पुस्तकात तोच असतो. खरे आहे. भा. रा. भागवतांनी त्याची पुष्कळ पुस्तके लिहिली. फुरसुंगीचा बनेश फेणे तोच, त्याची सायकल तीच, ‘ट्टॉक’ पण तेच. पण दर वेळी भानगड नवी असते. पुढे काय होणार ते आधी कळत नाही.

आपल्या दशावताराचे बघा. जत्रेला रात्रभर आपण तेच देव आणि तेच राक्षस बघतो. गोष्ट पुराणातली, आजीला पाठ असलेली. तरी ती झोपत नाही. कारण दशावतारी लोक लिहिलेले पाठ करून बोलत नाहीत, उभ्या उभ्या बोलतात. काल शेजारच्या गावात बोलले ते आज आपल्याकडे तसेच येणार नाही. संकासुर तर काय बोलेल याचा नेमच नाही. जुने असावे तर असे असावे.

आणि आपण काय करणार? टीव्हीतले बोलणे जसेच्या तसे पाठ करणार. भीम कोण होणार यावरून मधल्या सुट्टीत आताच दोनदा भांडण झाले आहे. चुटकी होण्याखेरीज मुलींना काम नाही. कपडे भाड्याने आणावे लागतील, तो खर्च पालकांना. बघणाऱ्यांना शेवट आधीच ठाऊक, भीम लाडू खाणार आणि जिंकणार.

मी म्हणते, माकडांचेच नाटुकले करूया, पण आपल्या वाडीतल्या माकडांचे. जग्गू शहाणा आहे. आपल्याकडची माकडे शहाळी काढून खाली टाकतात, कौले फोडतात नि हाकलायला गेले की दात विचकतात. सभा भरवून माकडांनी आपली बाजू सांगितली तर काय सांगतील? रानात आम्हांला खायला काय ठेवलेत, असे विचारतील. मग माणसे काय उत्तर देतील? मला अजून सुचलेले नाही. सगळे मिळून बसलो तर सुचेल.

शनिवारी वर्गात हात वर करून मते घ्यावीत अशी गुरुजींना विनंती आहे. माकड व्हायला मी तयार आहे. शेपटीसाठी सुंभ आमच्या घरी पुष्कळ आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी