आलं का?

आमच्या घरात पहिला टेलिव्हिजन आला तो १९८७ साली. रामायण नुकतेच सुरू झाले होते आणि दर रविवारी शेजाऱ्यांच्या दारातल्या ढिगात आपल्याही चपलांची भर घालणे हिला कमीपणाचे वाटू लागले होते. टेलिव्हिजनबरोबर गच्चीवरची अँटेना आली आणि माझे कित्येक रविवार तिच्या सेवेत खर्ची पडले. मी गच्चीवर, ही खोलीत आणि जिन्यात उभा आमचा मुलगा. मी वरून ओरडायचो, "आलं का?" मुलगा खाली ओरडायचा, "आलं का?" आणि खालून उत्तर यायचे, "मुंग्याच दिसायल्यात!" अँटेना तसूभर फिरवायची, पुन्हा विचारायचे. सीताहरण आमच्या घरी निम्मे मुंग्यांतच झाले.

पुढे तबकड्या आल्या, पेट्या आल्या आणि अखेर मुलाने पुण्याहून स्मार्ट टीव्ही पाठवला. याला अँटेना नाही. भिंतीला टांगायचा, घरातल्या वाय-फायला जोडायचा आणि स्वस्थ बसायचे. मी स्वस्थ बसलोही होतो. पण यंदा दिवाळीच्या तीन आठवडे आधी हा शहाणा टीव्ही एकाएकी वेड्यासारखा वागू लागला. पडद्यावर आमच्या वाय-फायचे नाव दिसे, पासवर्ड घातला की चक्र गरगर फिरे आणि शेवटी पाटी झळके, 'जोडता आले नाही.'

एरवी मी चार दिवस वर्तमानपत्र वाचून काढले असते. पण आमच्याकडे एक मुलगी राहते. अहमदपूर तालुक्यातली, बारावीची, डॉक्टर व्हायचे म्हणून नीटची तयारी करणारी. लातूर पॅटर्नचा लौकिक झाल्यापासून या गावात दर दुसऱ्या घरात अशी मुले राहतात, त्यात नवल नाही. वडील सोयाबीनचे पैसे तसेच्या तसे क्लासच्या फीत भरून आमच्या दारात उभे राहिले होते. "गुरुजी, पोरगी तुमच्या हवाली करायलाव बगा," एवढेच म्हणाले. परीक्षेपर्यंत तिच्याजवळ बटणांचा साधा फोन. क्लासचे ध्वनिचित्रित पाठ रात्री जेवणानंतर ती आमच्या टीव्हीवर पाहते. रविवारी तिची मोठी चाचणी होती आणि सोमवारी रात्री टीव्ही रुसला.

आता मला जे सांगायचे आहे ते फारसे भूषणाचे नाही. सोमवारीच संध्याकाळी तिच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. त्यांच्याजवळ मोठे फोन होते, आणि हिच्याकडून त्यांनी वाय-फायचा पासवर्ड मागून घेतला होता. बस्स! चाळीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला तेवढा पुरावा पुरतो. वर्गात खिडकीची काच फुटली की मागच्या बाकाकडे पाहायचे, ही जुनी खोड. मी म्हणालो, "मैत्रिणींना बोलावून काय काय उद्योग केलेत? काहीतरी बदललंत ना?"

मुलगी काही बोलली नाही. ताटातली भाकरी अर्धी ठेवून उठली आणि खोलीत गेली. "अहो, विचारायची ही रीत झाली का?" ही म्हणाली. मी म्हटले, "मग बिघडलं कशानं?" यावर तिच्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मला आपणच बरोबर आहोत असे वाटले.

मंगळवारी सकाळी मी सारे उपचार केले. मदतवाल्यांना फोन लावला तर पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात बंद करून चालू करायला सांगितले. वाचकांनी हसू नये. हा उपाय खरोखर गुणकारी आहे. मात्र रिमोटने टीव्ही बंद केला की तो झोपेचे सोंग घेतो, खरा झोपत नाही. भिंतीवरचे बटण बंद करून एखादे मिनिट थांबावे लागते. तेही केले. राउटर, म्हणजे वाय-फाय वाटणारी ती दिवेवाली डबी, तिलाही विश्रांती दिली. टीव्हीला जुने नाव विसरायला लावून पासवर्ड नव्याने घातला. तारीख-वेळ पाहिली, ती चुकीची असली तर पलीकडची दुकाने याला दारात उभे करीत नाहीत, असे मुलाने सांगितले होते. ती बरोबर होती. मग फोन हातात घेऊन राउटरजवळ उभा राहिलो तर फोन कसा सुसाट! म्हणजे दोष टीव्हीचा किंवा त्या पोरींचा, हा निकाल मी कायम केला.

दुपारी क्लासवरून आल्यावर मुलगीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, पण आवाज सरळ. "काका, तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघू का? टीव्ही त्याला जोडला गेला तर टीव्हीत दोष नाही."

फोन टीव्हीशेजारी ठेवला, हॉटस्पॉट चालू केला. टीव्ही मुकाट्याने जोडला गेला! पुण्याचा मुलगा, मदतवाल्या बाई आणि मी, तिघांना जे सुचले नाही ते या पोरीला सुचले होते. मग तिने हॉटस्पॉट बंद करायला लावून फोन घरच्या वाय-फायवर आणला आणि टीव्हीच्या अगदी समोर धरला. राउटरजवळ भरलेली खूण इथे एका बारीक रेघेवर आली होती. "तुम्ही फोन तिकडं बघितलात काका. टीव्ही तर इकडंय." एवढे बोलून ती मधल्या बोळाकडे चालू लागली, आणि माझ्या पोटात गोळा आला.

कारण रविवारी मधल्या बोळात काय घडले होते ते मला आता आठवले. नळाचे पाणी लांबणार अशी आवई उठली होती. लातूरच्या माणसाला पाण्याची आवई पुरते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पहिल्या गाडीला दहा टाक्या आणि पाच लाख लिटर पाणी. ते ज्याने पाहिले तो रिकामा ड्रम पाहू शकत नाही. तेव्हा मीही तीन ड्रम काठोकाठ भरले, दोन प्लॅस्टिकचे, एक लोखंडी. जागा व्हावी म्हणून राउटरची तिपाई कोपऱ्यात सरकवली आणि तिच्यापुढे ते तिन्ही ड्रम पहारेकऱ्यासारखे उभे केले. मीच, माझ्याच हातांनी.

आमच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एखाद्याच्या तोंडाशी पोत्यांनी भरलेली गाडी आडवी लावली तर जे होईल ते माझ्या घरात झाले होते. मुलीने वहीच्या मागच्या पानावर हिशेबच मांडला. वाय-फायच्या लहरी दोन जातींच्या. एक २.४ गिगाहर्ट्‌झची, प्रकाशाच्या वेगाला तिने भागले की लहरीची लांबी येते साडेबारा सेंटिमीटर. दुसरी पाच गिगाहर्ट्‌झची, सुमारे सहा सेंटिमीटरची. ती वेगवान खरी, पण भिंतीपुढे लवकर हात टेकते. मायक्रोवेव्ह भट्टीतही जवळजवळ पहिल्याच जातीच्या लहरी असतात आणि तिथे अन्नातले पाणीच त्या शोषून तापते. "पाणी या लहरी पितं, काका. आणि लोखंड परतवून लावतं." त्यात १९९३ च्या भूकंपानंतर बांधलेले आमचे घर; सिमेंट आणि सळया घालताना तेव्हा कोणी हात आखडला नाही. टीव्हीपर्यंत लहर आधीच धापा टाकत पोचत असणार. ड्रमांनी तिचा जीवच घेतला. मुलगी त्या आठवड्यात तरंगांचाच पाठ करीत होती.

(एकेकाळी रेडिओ ऐकायलाही पोस्टात जाऊन परवाना काढावा लागे. वाय-फायच्या पहिल्या जातीचा पट्टा सरकारने २००५ साली विनापरवाना मोकळा केला, म्हणून आज माझ्यासारखाही घरात आपले आकाशवाणी केंद्र चालवतो.)

खात्री करायला मी तिपाईवर चढलो आणि राउटर दोन्ही हातांनी ड्रमांच्या वर, छताशी धरला. ही बोळाच्या टोकाशी, मुलगी टीव्हीसमोर. मी ओरडलो, "आलं का?" हिने पुढे विचारले, "आलं का?" आतून उत्तर आले, "आलं, काका! आलं!" ही माझ्याकडे बघून हसू लागली. मला हसता येईना. हात वर अडकलेले होते आणि चेहरा लपवायला जागा नव्हती.

खाली उतरल्यावर मी मुलीला म्हणालो, "चहा घेतेस का?" हिने माझ्याकडे असे पाहिले की मला ते वाक्य परत घ्यावे लागले. मग म्हटले, "काल मी तुला उगीच बोललो. चूक माझी होती. तुझ्या मैत्रिणींनाही तसं सांग." मास्तरकीत हे वाक्य मला कधी जमले नव्हते. मुलगी खाली पाहून म्हणाली, "काका, मला वाटलं तुम्ही बाबांना फोन करताल. ते लगेच न्यायला आले असते." मी केलेली चूक किती मोठी होती हे मला तेव्हा कळले. मागच्या वर्षी तिच्या थोरल्या बहिणीचे शिक्षण असेच कुणाच्या तरी एका फोनवर थांबले होते, हे हिला ठाऊक होते, मला नव्हते.

बुधवारी सुताराकडून भिंतीवर उंच फळी मारून घेतली, राउटर तिच्यावर गेला. शिवाय राउटरपासून टीव्हीपर्यंत एक सरळ तार ओढली; तारेला ड्रमही अडवत नाही आणि भिंतही. मोठा टीव्ही जागचा हलत नाही, त्याला बिनतारी ठेवण्याचा हट्ट कशाला? ज्यांना शक्य असेल त्यांनी तार ओढावी, असे माझे मत आहे. तार भिंतीला ठोकताना मुलगी खिळे पुरवत होती आणि टीव्हीवर तिचा पाठ चालू होता. तेवढ्यात नळाला पाणी आले आणि हातोडी टाकून आम्ही तिघेही ड्रमांकडे धावलो.