डोके दाबून गोल होते का?

आपल्या जालना जिल्ह्यात अजूनही पुष्कळ घरी बाळाचे डोके लांबट दिसले, की न्हाऊ घालणारी आजी ते तेलाच्या हातांनी दाबून ‘बसवू’ लागते. आजींची माया खरी. त्यांचे पदार्थविज्ञान मला पटत नाही.

नवजात बाळाच्या कवटीची हाडे एकमेकांना सांधलेली नसतात. जन्मताना ती किंचित एकमेकांवर सरकतात, म्हणून डोके निमुळते दिसते. बहुधा काही दिवसांतच ते आपोआप पूर्ववत होते. श्रेय मात्र मालिशीला! कवटीला खरा आकार देतो तो आतून वाढणारा मेंदू. जन्मतः सुमारे ३५ सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षभरात सुमारे ४६ होतो. अहोरात्र चाललेल्या या जोरापुढे पाच मिनिटांच्या दाबाची काय मातब्बरी? शिवाय टाळूवर हाडाचे कवच नसते. तेथे दाबणे धोक्याचे.

सौम्य पण तासन्‌तास पडणारा दाब मात्र परिणाम करतो. मान सतत एकाच बाजूला राहिली, तर डोके तिकडून चपटे होते. तेव्हा घरी पाळणा हलला, तर सांगा : बाळाला उताणे निजवा, मानेची बाजू बदलत राहा, जागेपणी आपल्या देखत थोडा वेळ पालथे ठेवा. वाकडेपणा वाढत गेला, तर हाडे वेळेआधी सांधली गेल्याचीही शक्यता असते. मग बालरोगतज्ज्ञाकडे जाण्यास उशीर नको.