मंजन आणि टूथपेस्टवर आता सारखाच जीएसटी. पण डबीतली पूड कसली आहे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्टवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून आणि दंतमंजनावरचा १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे मंजनाला करात मिळणारा फायदा संपला. तेल्हाऱ्यात एखाद्या बचत गटाने मंजन तयार करायचं ठरवलं, तर आता दर्जावरच टिकावं लागेल. जाहिरात लवंग-कापराची होते, पण दर्जा ठरतो तो डबीत सर्वांत जास्त असलेल्या खनिज पुडीवर.

ही पूड करते काय?

दातावरचा थर घासून काढते. त्यासाठी ती थरापेक्षा कठीण, पण दातापेक्षा मऊ हवी. कठीणपणाच्या मोह्‌स मोजपट्टीवर दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, साधारण ५ वर येतं. हिरडी सरकल्यावर उघडं पडणारं डेंटिन ३ च्या आसपास. कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूची भुकटी, ३ वर. वाळूतलं क्वार्ट्झ थेट ७ वर! विटेच्या भुकटीत हेच कण असतात. म्हणून तिने दात लख्ख दिसतात आणि काही वर्षांनी थंड पाणी झोंबू लागतं.

मग चुनखडी दळली की झालं?

नाही. विदर्भात चुनखडीची कमी नाही, पण भिंतीला चालणारी पूड तोंडात चालत नाही. दगडासोबत त्यातली वाळूही दळली जाते. रासायनिक प्रक्रियेने साका बसवून काढलेली पूड महाग, पण एकसारखी आणि शुद्ध असते. पुरवठादाराच्या अहवालात कणांचा आकार, शिसं आणि आर्सेनिक तर बघावंच. त्याहून आधी आम्लात न विरघळणारा गाळ किती, ते बघावं. खडू आम्लात विरघळतो, वाळू तळाशी उरते. इतकी साधी गोष्ट, पण खरेदी करताना विचारतो कोण?

फ्लोराइड घालायचं असेल तर आणखी एक पेच आहे. सोडियम फ्लोराइड खडूतल्या कॅल्शियमशी बांधलं जातं आणि दाताला फारसं मिळत नाही. त्यामुळे खडूच्या पेस्टमध्ये सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट वापरतात.

लाल मंजनाचं काय?

तो रंग गेरूचा, म्हणजे लोहयुक्त मातीचा. बैद्यनाथचं लाल दंतमंजन औषध की साधी टूथ पावडर, हा नागपूरच्या केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्तांशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २००९ मध्ये निकाल टूथ पावडरच्या बाजूने लागला. तो प्रश्न कराचा होता. गेरूतही वाळू असू शकते, त्यामुळे गाळाची तपासणी त्यालाही लागू.

विक्रीसाठी मंजन बनवायचं तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. तंबाखू मिसळायला १९९२ पासूनच बंदी आहे.