मोत माउलीपुढील मेणाचे घर

वांद्र्याच्या टेकडीवरील मोत माउलीची मूर्ती श्रद्धेचे, तसेच पर्यटनाचेही स्थान आहे. विद्यमान चर्च १९०४ चे. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होणाऱ्या जत्रेत आठवडाभर सर्वधर्मीयांची रीघ लागते आणि मूर्तीपुढे मेणाचे हात, पाय, घरे वाहिली जातात. याला केवळ अंधश्रद्धा म्हणून हिणवणे सोपे, पण चुकीचे आहे. मेणाचे घर बहुधा तोच वाहतो, ज्याला या महानगरात हक्काचे छप्पर नाही. मेणाचा पाय तो, ज्याला उपचाराचा खर्च पेलत नाही. पर्यटकांची संख्या मोजून शासनाने समाधान मानू नये. निवारा आणि औषधोपचार हा नागरिकांचा हक्क आहे; त्यासाठी नवस बोलावा लागणे ही राज्यव्यवस्थेची नामुष्की होय. भाविकांच्या श्रद्धेचा मान राखून कार्यकर्त्यांनी हेच त्यांच्यापुढे मांडले पाहिजे.