आधी पासष्टीचं बोला, मग पगाराचं

पंचेचाळिशी ओलांडल्यावर परदेशात नोकरीचा विचार करणाऱ्याने पगाराचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी दोन गोष्टी विचाराव्यात. पासष्टाव्या वर्षी हा देश मला काय देणार? आणि नोकरी सुटली तर मला इथे राहू देणार का? पंचविशीत जाणाऱ्याला हे प्रश्न पडत नाहीत आणि पडायचं कारणही नाही. बेत फसला तर नव्याने उभं राहायला त्याच्या हाताशी तीस-पस्तीस वर्षं असतात. आपल्याकडे पंधरा, फार तर वीस उरलेली असतात. त्यामुळे हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे मांडावा लागतो.

मी ४७ वर्षांची आहे. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभाग सांभाळते. नवरा पुण्यात अनुदानित शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. मुलगी अकरावीत आहे. आई वाईला राहते, भाऊ साताऱ्यात. २०२५मध्ये माझ्यासमोर दोन नोकऱ्या आल्या. एक दुबईत जेबेल अलीच्या कारखान्यात, दुसरी जर्मनीतल्या टुटलिंगेनमध्ये. टुटलिंगेन हे बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातलं, डॅन्यूबच्या काठचं गाव. शस्त्रक्रियेची हत्यारं बनवण्यासाठी ते जगभर ओळखलं जातं. वाहनउद्योगातली शिस्त अंगात मुरलेल्या माणसांना वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात मागणी आहे. प्रमाणपत्रं आणि कागदपत्रं वेगळी, पण दोष शोधायची सवय तीच.

या वयात कोणते दरवाजे उघडे आहेत, ते आधी पाहून घ्यावं. ऑस्ट्रेलियाच्या गुणांवर आधारलेल्या मुख्य कुशल व्हिसांसाठी निमंत्रण वयाची ४५ वर्षं पूर्ण व्हायच्या आत यावं लागतं. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत एकट्या अर्जदाराला चाळिसाव्या वर्षी वयाचे ५० गुण मिळतात, चव्वेचाळिसाव्या वर्षी ६ आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. न्यूझीलंडची कुशल स्थलांतरितांची वाट पंचावन्नपर्यंत खुली आहे. सिंगापुरात वयाची बंदी नाही, पण एम्प्लॉयमेंट पाससाठी लागणारा किमान पगार वयाबरोबर चढतो. २०२५पासून तो तरुण उमेदवाराला महिना ५,६०० सिंगापूर डॉलर आहे आणि पंचेचाळिशीपुढे १०,७००. चाळिशीनंतर 'अजून दोन वर्षं बघू' म्हणणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर चिकटवून ठेवावेत. त्या दोन वर्षांत एखादा अख्खा देश यादीतून गळतो.

जर्मनीचा नियम मला यातला सगळ्यात प्रामाणिक वाटला. तिथला साधा कुशल कामगाराचा व्हिसा पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदा मागणाऱ्याला सरकार सरळ विचारतं की तुमच्या म्हातारपणाची सोय काय? एक तर २०२५च्या हिशेबाने वर्षाला किमान ५३,१३० युरो पगार दाखवा, नाहीतर निवृत्तीची पुरेशी तरतूद दाखवा. ब्लू कार्ड या तिथल्या दुसऱ्या नोकरी-परवान्याला ही वयाची अट नाही. त्याची सर्वसाधारण पगारमर्यादा २०२५मध्ये ४८,३०० युरो होती. पण मुद्दा व्हिसाच्या प्रकाराचा नाही. परक्या देशाच्या कायद्याला जो प्रश्न सुचतो, तो आपण आपल्या घरात विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता पगार. दुबईचा २२,००० दिरहम, प्राप्तिकर शून्य, म्हणजे महिना सव्वापाच लाख रुपये हातात. टुटलिंगेनचा वर्षाला ६०,००० युरो. कर, पेन्शन, आरोग्य आणि बेकारीचा विमा कापून महिना साधारण ३,१०० ते ३,२०० युरो, म्हणजे सव्वातीन लाख रुपये. पहिल्या पानावर दुबई दोन लाखांनी पुढे. बहुतेक घरांत चर्चा इथेच संपते.

आमच्या घरात ती इथून सुरू झाली. दुबईत परदेशी नोकरदाराला पेन्शन नसते, नोकरी संपताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा पगार, तोही फक्त मूळ पगारावर. माझा मूळ पगार १२,००० दिरहम ठरला होता. साठीपर्यंत १३ वर्षं काम केलं तर ४२,००० अधिक ९६,०००, एकूण १,३८,००० दिरहम. म्हणजे ३३ लाख रुपये, एकदाच. सात टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला एकोणीस हजार.

जर्मनीत पगाराच्या ९.३ टक्के मी आणि तेवढेच मालक पेन्शन खात्यात भरणार. तिथलं गणित गुणांचं आहे. देशातल्या सरासरी पगाराइतकी कमाई म्हणजे वर्षाला एक गुण. २०२५साठी ही सरासरी ५०,४९३ युरो धरली होती, म्हणजे मला वर्षाला जवळपास १.१९ गुण. सदुसष्टाव्या वर्षापर्यंत २० वर्षांत २३.८ गुण. जुलै २०२५च्या दराने एका गुणाला महिना ४०.७९ युरो मिळत होते. गुणाकार केला की सुमारे ९७० युरो, आजच्या भावाने लाखभर रुपये, दर महिन्याला, मरेपर्यंत. भारत आणि जर्मनीमधला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७पासून लागू आहे, त्यामुळे वाईला परत येऊन राहिले तरी ती पेन्शन मिळते. पेन्शनला पात्र होण्यासाठी लागणारी पाच वर्षं मोजताना दोन्ही देशांतली सेवा एकत्र धरली जाते. आपल्याकडच्या ईपीएस या कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शनचा हिशेब १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेवर होतो. आयुष्यभर खासगी कारखान्यात राबलेल्या माणसाला त्यातून बहुधा पाच-सहा हजारांपुढे काही मिळत नाही. माझी म्हातारपणाची तरतूद इथे किती तोकडी आहे, हे मला या आकडेमोडीनेच दाखवलं.

यावर हिशेबी माणूस म्हणेल की दुबईतले वरचे दोन लाख दरमहा बाजूला टाकले तर १३ वर्षांत तीन कोटींच्या वर जमतील. खरं आहे. एकट्याने राहणारा, काटकसरी आणि नोकरी टिकेल याची खात्री असलेला माणूस दुबईत जास्त पैसे गाठीला बांधेल. पण या वाक्यातल्या तिन्ही अटी पन्नाशीतल्या माणसाला जड आहेत. कुटुंब गेलं की घरभाडं आणि शाळेची फी त्या दोन लाखांवर हात मारतात. आणि तिथला साधा निवासी परवाना नोकरीला बांधलेला असतो. त्रेपन्नाव्या वर्षी नोकरी गेली तर पुढची मिळेपर्यंत हातात थोडी मुदत, नाहीतर सामान बांधा. ब्लू कार्डावर बी-वन पातळीची जर्मन आली आणि तेवढ्या काळाचं पेन्शन भरलं की २१ महिन्यांनी कायम निवासाचा हक्क मागता येतो. मग माझं तिथलं राहणं मालकाच्या मर्जीवर उरत नाही. पगारातले दोन लाख या एका गोष्टीची किंमत म्हणून मी मोजायला तयार आहे.

आमच्या क्षेत्रात एफएमईए नावाचा तक्ता करतात. नवा भाग बनवायला घेण्याआधी काय काय बिघडू शकतं ते लिहायचं आणि प्रत्येक बिघाडाला तीव्रतेचे एक ते दहा गुण द्यायचे. हा तक्ता आम्ही जेवणाच्या टेबलावर घरासाठी केला. आई तेव्हा वाईहून आली होती. नोकरी गेली, तीव्रता सात. नवऱ्याला तिथे काम मिळालं नाही, आठ. मुलीने पेन घेतलं आणि स्वतःची ओळ लिहिली, 'आईला तिथे एकटं वाटलं', आणि समोर नऊ मांडले. मग आई म्हणाली, "तू जा गं. पण मी पडले तर पहिल्या दिवशी कोण येणार आणि दहाव्या दिवशी कोण असणार, ते आधी ठरवून जा." त्या संध्याकाळी तक्त्यात सगळ्यात जास्त वेळ त्याच ओळीवर गेला. पहिल्या दिवशी भाऊ, साताऱ्याहून तासाभरात. दहाव्या दिवशी मी. रात्रीच्या सोबतीला बाई आत्तापासून, पडायची वाट न बघता.

दुबईहून मुंबई तीन तासांवर आहे, हे त्या नोकरीच्या बाजूचं सगळ्यात मोठं वजन. टुटलिंगेनहून फ्रँकफर्ट किंवा म्युनिक गाठून, विमान पकडून, मुंबईहून वाईपर्यंत पोचायला एक पूर्ण दिवस जातो. मार्च २०२४पासून पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांना बोलावण्याची मुभा जर्मनीने दिली आहे, पण पंचाहत्तरीतल्या माणसाचा आरोग्य विमा मिळवणं ही खरी अडचण आहे. शिवाय आईला वाई सोडायची नाही. ज्यांचे आई-वडील अंथरुणाला आहेत आणि जवळ भावंडं नाहीत, त्यांनी आखात निवडावं किंवा जाऊच नये, असंही मी तेवढ्याच ठामपणे म्हणेन. प्रश्न सगळ्यांना एकच असला तरी उत्तर घरागणिक बदलतं.

सोबत जाणाऱ्या जोडीदाराबद्दल तर आपण फारच हलक्या हाताने बोलतो. 'तिकडे गेल्यावर मिळेल काहीतरी' हे वाक्य पन्नाशीतल्या माणसाला ऐकवू नये. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मनीत कोणतीही नोकरी करता येते, हा कायदा झाला. पण मराठीच्या शिक्षकाला टुटलिंगेनच्या शाळेत जागा नाही. तिथे शिक्षक व्हायला जवळपास मातृभाषेइतकी जर्मन आणि तिथल्या पद्धतीचं प्रशिक्षण लागतं. माझा नवरा ५१ वर्षांचा आहे. तो १९९९ला शाळेत लागला, म्हणजे १ नोव्हेंबर २००५च्या आधी, त्यामुळे त्याला जुनी पेन्शन आहे. अठ्ठावन्नला निवृत्त होईपर्यंत सात वर्षं उरली आहेत. ती सोडून त्याने माझ्या मागे यावं आणि परक्या गावात घर सांभाळत बसावं, हे मला मान्य नाही. पासष्टीचा प्रश्न त्यालाही विचारला आणि त्याचं उत्तर 'पुणे' असं आलं.

म्हणून आमचा निर्णय असा आहे. टुटलिंगेनला मी जाणार. मुलगी बारावी पुण्यात, वडिलांजवळ पूर्ण करणार. नवरा मे महिन्याच्या सुट्टीत येणार, मी दिवाळीत. निवृत्तीनंतर तो कायमचा येईल किंवा मी परत जाईन, ते तेव्हाच्या तब्येती ठरवतील. सात वर्षं दोन घरं चालवण्याची किंमत मोठी आहे. मुलीची महत्त्वाची वर्षं मला फोनवर बघावी लागतील. हे कुठल्याही पेन्शनने भरून निघत नाही, आणि कोणी तसं म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण ही किंमत आम्ही चौघांनी एकत्र बसून, कागदावर लिहून मान्य केली आहे. परत यायच्या अटीही त्याच कागदावर आहेत. आई अंथरुणाला खिळली तर परत. पाच वर्षांनी काहीही झालं तरी पुन्हा टेबलाभोवती बसायचं आणि नव्याने ठरवायचं.

एक अपेक्षा सरकारकडूनही आहे. महाराष्ट्र आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग यांच्यात २०२४मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला. मुंबई आणि स्टुटगार्ट तर १९६८पासून भगिनी शहरं आहेत. या करारात भर भाषेच्या वर्गांवर आणि तरुणांवर आहे, ते योग्यच. पण प्रशिक्षणाबरोबर पेन्शन, विमा आणि सामाजिक सुरक्षा कराराची माहिती मराठीतून मिळाली पाहिजे आणि ती चाळिशीपुढच्यांनाही मिळाली पाहिजे. अमेरिकेशी आपला असा करार अजून नाही. तिथे दहा वर्षांची वर्गणी भरायच्या आत परतलेल्या माणसाला पेन्शनचा हक्क मिळत नाही आणि भरलेले पैसे तिथेच राहतात. दिल्लीने हा करार मार्गी लावला तर लाखो भारतीयांच्या म्हातारपणाला आधार मिळेल.

आणि जे सध्या ऑफर लेटर हातात घेऊन बसले आहेत, त्यांना एकच विनंती. सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि तीन उत्तरं कागदावर लिहा. पासष्टाव्या वर्षी महिन्याला किती येणार आणि कुठून? नोकरी गेली तर त्या देशात राहता येणार का? घरात कोणी आजारी पडलं तर दहाव्या दिवशी त्यांच्याजवळ कोण असणार? तिन्ही उत्तरं लिहिता आली तर निर्धास्त जा, पगार दोन लाखांनी कमी असला तरी. एकही लिहिता येत नसेल, तर दुप्पट पगारालाही नाही म्हणा.