कळफलकाचे मौन आणि दुरुस्तीचा हक्क

नव्या लॅपटॉपचा कळफलक अचानक मुका झाला, तर पहिली पारख सोपी असते. यंत्र सुरू होताच उघडणाऱ्या बायोसमध्ये कळा चालल्या, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा किंवा संगणकप्रणालीचा. तेथेही त्या निपचित राहिल्या, तर कळफलकाचा अथवा त्याला मदरबोर्डशी जोडणाऱ्या चपट्या केबलचा. येथवर प्रश्न तंत्राचा आहे, पुढचा धोरणाचा.

अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये कळफलक वरच्या आवरणाला रिव्हेटने कायमचा जखडलेला असतो. चार कळा बिघडल्या तरी अख्खे आवरण बदलावे लागते. वॉरंटीच्या काळात हा भार कंपनी उचलते. नंतर तो ग्राहकावर पडतो. दिल्लीच्या नेहरू प्लेसमधील कारागिराचे कसबही अशा रचनेपुढे तोकडे ठरते.

त्याच दिल्लीत केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. मे २०२५मध्ये दुरुस्तीसुलभता निर्देशांकाचा अहवालही सादर झाला. सुटे भाग, अवजारे, दुरुस्तीची माहिती हे त्याचे निकष. प्राधान्य मात्र स्मार्टफोन आणि टॅब्लेटला. फ्रान्सने १ जानेवारी २०२१पासूनच लॅपटॉपलाही दहापैकी गुण देणे सक्तीचे केले.

विद्यार्थ्यांचे शिक्षण आणि असंख्यांची उपजीविका ज्या यंत्रावर चालते, त्याला प्रतीक्षायादीत ठेवणे अनाकलनीय आहे. प्रोसेसर आणि मेमरी खोक्यावर ठळक छापली जाते. दुरुस्तीचे गुणही तेथेच, किमतीशेजारी छापले जावेत. ग्राहकाला ते पैसे मोजण्यापूर्वी दिसले पाहिजेत.