आभाराची प्रार्थना

नोव्हेंबरच्या अखेरीस अमेरिकेत ‘थँक्सगिव्हिंग’ येते आणि तेथून नाताळापर्यंतचे चार-पाच आठवडे बेघरांचे असतात, असे म्हणायला हरकत नाही. चर्चच्या तळघरांत जेवणावळी उठतात, दुकानांच्या दाराशी साल्व्हेशन आर्मीच्या तांबड्या किटल्या टांगल्या जातात, मोजे आणि ब्लँकेटे वाटली जातात. या दिवसांतील प्रवचनांत आणि लेखांत एक विचार हटकून येतो: पदपथावर झोपलेला माणूस पाहिला की देवाने आपल्याला किती दिले आहे, याची जाणीव होते. विचार सद्भावनेचा आहे. प्रस्तुत लेखकाची तक्रार नेमकी त्याच्याविषयी आहे.

लूकच्या शुभवर्तमानातील परूशी आणि जकातदार यांचा दाखला (अध्याय १८) आपण ढोंगाचा दाखला म्हणून वाचतो. पण परूश्याच्या प्रार्थनेचा घाट पाहावा. ती मागण्याची प्रार्थना नाही; आभाराची आहे. तो खोटेही बोलत नाही. उपास करतो, दशांश देतो. आपण इतरांसारखे नाही, याबद्दल तो देवाचे मनापासून आभार मानतो, आणि ते आभार पुरे होण्यासाठी त्याला दूर उभा असलेला जकातदार लागतो. सणासुदीच्या कृतज्ञतेला बेघर माणूस असाच लागतो. त्याच्या उघड्यावरच्या रात्रीतून आपल्या छपराची ऊब आपल्याला कळते. त्याला काय कळते, हे कोणी विचारत नाही. ‘कृतज्ञ’ हा आपला शब्द या बाबतीत अधिक सावध आहे. कृत म्हणजे केलेले. ते जाणणारा तो कृतज्ञ. आपल्यासाठी कोणी काय केले, हे त्यात जाणायचे असते. आपल्याला मिळाले आणि शेजाऱ्याला मिळाले नाही, हा हिशेब त्या शब्दात बसत नाही.

जन्मकथाही याच लूकने सांगितली आहे. मराठी बायबलमधील ‘उतारशाळा’ या शब्दाने आपल्यापुढे एक धर्मशाळा आणि तिचा मख्ख मालक उभा राहतो. नाताळच्या नाटकांत हा मालक असतोच. लूकच्या मजकुरात तो नाही. मूळ ग्रीक शब्द ‘काटाल्युमा’. शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही लूक पुढे हाच शब्द वापरतो. पैसे देऊन उतरण्याच्या जागेसाठी त्याच्याजवळ ‘पांडोखेयॉन’ हा निराळा शब्द होता, आणि चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात त्याने तो वापरला आहे. म्हणून अनेक अभ्यासक जन्मकथेतील ती जागा म्हणजे घरातली पाहुण्यांची खोली असे मानतात. हा अर्थ स्वीकारला तर दार लावून घेणारा परका धंदेवाईक उरतच नाही. उरते ते एक गच्च भरलेले घर, आणि त्यातही बाळंतिणीसाठी गुरांच्या बाजूला का होईना केलेली जागा. दोष द्यायला कोणी मालक नसला की प्रश्न आपल्याच घरातल्या गर्दीपाशी येतो. नाताळच्या नाटकाला हे अडचणीचे आहे, हे मान्य.

अमेरिकेत २०२४ च्या जानेवारीतील एका रात्रीच्या सरकारी गणनेत ७,७१,४८० माणसे बेघर आढळली. त्याच वर्षी जूनमध्ये ‘ग्रँट्स पास विरुद्ध जॉन्सन’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी निर्णय दिला, की सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्याला शिक्षा करणारे गावांचे नियम हे राज्यघटनेने मना केलेल्या क्रूर शिक्षेत मोडत नाहीत. ओरेगनमधल्या त्या गावाच्या नियमांत अंथरूण-पांघरूण पसरणे हीदेखील मुक्कामाची खूण होती. म्हणजे डिसेंबरात जे ब्लँकेट भेट म्हणून मिळते, तेच जानेवारीत गुन्ह्याचा पुरावा ठरू शकते. ब्लँकेट देणारे हात आणि असे नियम करणाऱ्यांना निवडून देणारे हात नेहमीच वेगळे असतील, असे समजायला आधार नाही.

डॉरथी डे (१८९७–१९८०) यांचे मोठेपण मला इथे दिसते. पीटर मॉरिन यांच्यासह त्यांनी १९३३ मध्ये, महामंदीच्या दिवसांत, न्यूयॉर्कमध्ये ‘कॅथलिक वर्कर’ हे एक सेंट किमतीचे पत्र काढले आणि पाठोपाठ आतिथ्यगृहे उघडली. तिथले सूप सणापुरते नव्हते, आणि डे स्वतः त्या माणसांबरोबर राहत. कोणीतरी एकदा हिऱ्याची अंगठी देणगी दिली. ती विकून कितीतरी सोय झाली असती. डे यांनी ती तिथे नेहमी जेवायला येणाऱ्या एका वृद्धेला देऊन टाकली, अशी आठवण त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितली आहे. विकून भाडे भरायचे की बोटात घालून मिरवायचे, हे तिचे तिने ठरवावे. व्यवहाराच्या दृष्टीने हा वेडेपणाच, आणि मलाही तो पूर्णपणे पटलेला नाही. पण दाता मोजे देतो, सूप देतो. निवड मात्र सहसा देत नाही, एवढे त्या अंगठीने लख्ख दाखवले.

टिमथी श्मॉल्झ या कॅनेडियन शिल्पकाराने बाकावर ब्लँकेट पांघरून झोपलेला, चेहरा झाकलेला येशू ब्राँझमध्ये घडवला. ओळख पटते ती पायांवरच्या खिळ्यांच्या जखमांवरून. नॉर्थ कॅरोलायनातील डेव्हिडसन गावी एका चर्चबाहेर हे शिल्प बसवले, तेव्हा २०१४ मध्ये एका बाईंनी खराच माणूस समजून पोलिसांना कळवले. बाईंना हसण्याचे कारण नाही. शिल्पाची समीक्षा इतकी प्रामाणिक क्वचितच होते.

अशा करुणेचा भार रोज कोण उचलते, हे मात्र मला डे यांच्यापेक्षा लक्ष्मीबाई टिळकांनी अधिक शिकवले. ‘स्मृतिचित्रे’मध्ये रेव्हरंड टिळक हातचे देऊन टाकतात, आणि दिल्यावर घरात काय उरले हे लक्ष्मीबाईंना पाहावे लागते. त्या चिडतात, टिळकांची थट्टा करतात, आणि संसार पुढे रेटतात. स्वतःच्या या वागण्याला त्या कुठलेही मोठे नाव देत नाहीत. एम. ए.च्या वर्गात एका विद्यार्थिनीने एकदा विचारले, ‘‘सर, टिळक दयाळू होते हे पानोपानी कळते. मग लक्ष्मीबाईंसाठी कोणता शब्द वापरायचा?’’ तास संपत आला होता. मला शब्द सुचला नाही, आणि पुढच्या तासालाही सुचला नव्हता.